बुजरे मूल आणि त्याचा स्वभाव

दर जूनमध्ये शाळेत नवी मुले दाखल होतात. काही पहिल्याच सायंकाळी मैदानावर मिसळतात, तर काही आपल्या पेटीजवळच बसून राहतात. ‘आमचे मूल जन्मापासूनच बुजरे आहे, ते बदलेल का?’ असे पालक आम्हांस विचारतात. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन (१९२९–२०२१) यांनी याच प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

केगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या सुमारे ५०० बालकांना हलणारी रंगीत खेळणी दाखविली आणि अनोळखी आवाज ऐकविले. सुमारे २० टक्के बालके हातपाय झाडून रडू लागली. सुमारे ४० टक्के शांत राहिली. पहिल्या गटातील पुष्कळ मुले दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांसमोर बुजताना दिसली. नावीन्य आणि धोका यांची चाहूल घेणारा अमिग्डाला हा मेंदूतील लहानसा भाग अशा मुलांत अधिक संवेदनशील असावा, असे केगन यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्या वर्षी बुजऱ्या ठरलेल्या मुलांचे तरुणपणी मेंदूचित्रण केले असता, अनोळखी चेहरे पाहताना हा भाग अधिक सक्रिय होत असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

म्हणजे स्वभावाला शरीराचा पाया आहे. तथापि अतिसंवेदनशील बालकांपैकी थोडीच पुढे सातत्याने भित्री राहिली. पुष्कळांची भीती ओसरली, जरी ती फारशी बेधडक झाली नाहीत. ज्या मातांनी मुलाला प्रत्येक अडचणीतून लगेच न सोडविता योग्य मर्यादा घालून दिल्या, त्यांची मुले तुलनेने कमी भित्री झाली.

१९६९ साली अमेरिकेत आर्थर जेन्सन यांनी काळ्या व गोऱ्या मुलांच्या बुद्ध्यंकातील तफावतीमागे आनुवंशिकता असावी, असे सुचविले. तेव्हा हा पुरावा अपुरा असल्याचे केगन यांनी लेख लिहून दाखविले. एका मुलाची जन्मजात प्रकृती ओळखणे वेगळे आणि जन्मावरून समूहांची प्रतवारी लावणे वेगळे. जन्माने कोणी उच्च वा नीच ठरत नाही, ही तथागतांची शिकवण मानणाऱ्या आपल्या समाजाने हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

म्हणून पेटीजवळ बसलेल्या मुलाला आम्ही ओढून मैदानावर नेत नाही, आणि तेथेच एकटे सोडूनही देत नाही. आधी एक सोबती, मग एक खेळ, मग परिपाठात एखादे वाक्य, अशी आमची रीत आहे. पालकांना एवढीच विनंती की, ‘हा घाबरटच आहे’ असे मुलादेखत म्हणू नये.