महाळुंग, कवठ आणि क्ष

नऊ महाळुंगं आणि सात कवठं घेतली, १०७ झाले. सात महाळुंगं आणि नऊ कवठं घेतली, १०१ झाले. तर एकेकाचा भाव काय?

दहावीच्या गाइडातलं उदाहरण वाटतं ना? ते आहे नवव्या शतकातलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, त्यातलं. तेव्हा हे क्ष-यचं खूळ इंग्रजी शाळांबरोबर आलं, असं म्हणणाऱ्या काकांना कवठ दाखवावं. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात न कळलेल्या संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं दिली आणि लिहिताना त्यांची या, का, नी अशी आद्याक्षरंच वापरली.

खरा घोटाळा अक्षर परकं असण्यात नाही, ते कशासाठी लिहिलंय यात आहे. शेजारची दहावीतली मुलगी माझ्याकडे संध्याकाळी गणितं घेऊन येते. परवाचं उदाहरण होतं: तीन पेनं आणि दोन वह्यांचे १३० रुपये झाले, वही पेनापेक्षा १५ रुपयांनी महाग, तर किंमती काढा. तिनं वहीत पहिली ओळ लिहिली, ‘क्ष = पेन, य = वही’. मी विचारलं, “पेन म्हणजे किती?” ती माझ्याकडे बघतच राहिली. क्ष म्हणजे पेन नव्हे. एका पेनाची रुपयांतली किंमत. ३क्ष म्हणजे ‘तीन पेनं’ असं वाचलं की पुढचं सगळं वाक्य नुसतं अक्षरांत उतरवलं जातं. तिनंही तेच केलं. वही महाग, म्हणून अधिक १५ वहीलाच चिकटवले: य + १५ = क्ष. आणि गणित सुटलं! पेन ३२ रुपये, वही १७. अगदी पूर्णांकात.

“ताळा करून बघितला काकू, बरोबर आहे,” ती म्हणाली. तीन गुणिले ३२, ९६, दोन गुणिले १७, ३४, बेरीज १३०. दुसऱ्या समीकरणात घातलं तर तेही जुळतं, कारण ते तिनंच चुकीचं मांडलेलं. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, हा समज इथेच दगा देतो. ताळा आपल्या समीकरणाशी नाही, उदाहरणातल्या शब्दांशी करायचा. तिला म्हटलं, वही महाग हवी होती ना? मग ती स्वतःच हसली आणि खोडरबर शोधायला लागली. वहीची किंमत क्ष + १५ धरली की ३क्ष + २क्ष + ३० = १३०, म्हणजे पेन २० आणि वही ३५.

‘दोन अज्ञात संख्या असल्या की दोन समीकरणं लागतातच’ हे क्लासमध्ये घोकून घेतलेलं वाक्यही दर वेळी खरं नसतं. वडापाव १८ रुपये, चहा १० रुपये, बिल ७४. समीकरण एकच, पण वडापाव अर्धा मिळत नाही. त्यामुळे तीन वडापाव आणि दोन चहा हे एकच उत्तर उरतं. उलट ‘दोन पेनं, तीन वह्या ९० रुपये’ आणि ‘चार पेनं, सहा वह्या १८० रुपये’ ही दिसायला दोन समीकरणं आहेत, पण माहिती एकच आहे. कितीही डोकं खाजवा, भाव निघणार नाही.

उत्तर नेहमी एकच असतं, हेही नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायचे आहेत: पारवे तीन द्रम्मांना पाच, सारस पाचाला सात, हंस साताला नऊ, मोर नवाला तीन. १५ पारवे, २८ सारस, ४५ हंस, १२ मोर आणा, हिशोब बसतो. ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर आणा, तरी बसतो.

आणि मोठी माणसंसुद्धा फसतात ती सरासरीत. शंभर रुपयांचे कांदे २० रुपये किलोनं घेतले, शंभराचे ५० नं. सरासरी भाव ३५? पिशवीत पाच आणि दोन, सात किलो आले. पैसे गेले २००. म्हणजे किलोला साडेअठ्ठावीसच्या आसपास. पैसे सारखे घातले की स्वस्त माल जास्त येतो, तो सरासरी खाली ओढतो.

राहता राहिलं महाळुंग. इथे लगेच गुणाकार करत सुटायचं नाही, आधी दोन्ही खरेद्या एकाच टोपलीत ओतायच्या. १६ महाळुंगं, १६ कवठं, २०८. म्हणजे एकेकाची जोडी १३ ला. आता वजाबाकी करा: दोन कवठं काढून दोन महाळुंगं घेतली की सहा वाढतात, म्हणजे महाळुंग तीननं महाग. तेराची जोडी, तीनचा फरक: महाळुंग ८, कवठ ५. बहात्तर आणि पस्तीस, एकशे सात. दुसऱ्या खरेदीचा ताळा तुम्ही करा.