नावापुढे 'इंजि.' लावायचा हक्क नेमका कुणाला? कायदा काय सांगतो, ते वाचून धक्का बसेल

१५ सप्टेंबर जवळ आला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फोटो, खाली अभियंता दिनाच्या शुभेच्छा आणि त्याखाली शुभेच्छुकांची रांग. प्रत्येक नावाच्या आधी 'इंजि.' असतंच. त्यात कुणी बीई झालेला असतो, कुणी डिप्लोमावाला, तर कुणी नुसताच ठेकेदार. मग कमेंटमध्ये एखादा विचारतोच, "भाऊ, तू इंजिनिअर कधी झाला?"

प्रश्न चेष्टेतला असला तरी बिनकामाचा नाही. तो नीट समजून घ्यायचा असेल तर गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या बाजूला जायला हवं.

नागझिऱ्याला लोक जातात वाघ बघायला. पण ज्या व्याघ्र प्रकल्पात हे जंगल येतं त्याचं पूर्ण नाव आहे नवेगाव-नागझिरा. २०१३ साली हा प्रकल्प जाहीर झाला. यातलं नवेगाव म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध. गावाच्या नावातच बांध आहे, कारण तिथला अवाढव्य तलाव निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी बांधलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगितलं जातं.

कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली शेतकरी जात. धान, ऊस आणि तलाव, या तीन गोष्टींसाठी ओळखली जाणारी. गोंड राजांच्या काळात इथं एक साधा व्यवहार होता. जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची. त्यामुळे जागा चुकली की नुकसान थेट बांधणाऱ्याचं. दोन टेकड्यांमधली अरुंद खिंड हेरायची, तिथं आखूड पाळ टाकायची आणि मागे जास्तीत जास्त पाणी अडवायचं, हे त्यांचं गणित. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेलं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत, अशी साखळीही त्यांनी जुळवली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांच्या या कसबाची नोंद आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलीभाषेत मामा तलाव.

यातल्या कुणाकडेच डिग्री नव्हती. असणार तरी कशी? भारतातलं पहिलं इंजिनिअरिंग कॉलेज रुडकीला निघालं ते १८४७ साली.

मग आज कोलू पाटील असते, तर त्यांनी नावापुढे 'इंजि.' लावलं असतं तर गुन्हा झाला असता का?

नसता झाला. आणि चौकातल्या फ्लेक्सवरच्या त्या ठेकेदाराचाही, फक्त तेवढ्यावरून, होत नाही.

कारण 'अभियंता' किंवा 'इंजिनिअर' हा शब्द कुणी वापरायचा, हे ठरवणारा देशपातळीवरचा कायदाच भारतात नाही. हे विचित्र वाटतं, कारण बाकीच्या व्यवसायांचं तसं नाही. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली, तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, सीएंसाठी १९४९ चा.

सगळ्यात मजेशीर उदाहरण इंजिनिअरच्या सख्ख्या शेजाऱ्याचं, म्हणजे आर्किटेक्टचं. १९७२ च्या कायद्याच्या कलम ३७ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोएडातल्या एका सरकारी पदावरून हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. मार्च २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की हे कलम उपाधीला संरक्षण देतं, कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस इमारतीचं डिझाइन करू शकतो, पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. आणि ज्या पदाच्या नावात आर्किटेक्ट आहे, तिथं नोंदणी नसलेल्याला बसवता येत नाही.

इंजिनिअरचं बरोबर उलटं आहे. शब्द मोकळा सोडलाय, आणि पहारा बसवलाय तो कामावर. म्हणजे पदवी, पद आणि सही, या तीन ठिकाणी.

पदवीचं सरळ आहे. १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. बीई नसताना बीई लिहिलं आणि त्या जोरावर कुणाकडून पैसे किंवा काम घेतलं, तर ती फसवणूक. तिथं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू शकतं. 'इंजि.' लिहिणं आणि 'बीई सिव्हिल' लिहिणं यात हा फरक आहे.

खरा मनस्ताप होतो तो पदाच्या ठिकाणी. ओडिशातल्या उपसा सिंचन महामंडळात ज्युनियर इंजिनिअरांच्या बढतीचा वाद होता. काहींनी अभिमत विद्यापीठांतून दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि धक्का देशभर बसला. संबंधित विद्यापीठांमध्ये २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित झाल्या, परीक्षा पास व्हाल तरच परत मिळतील या अटीवर. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या तर रद्दच. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून शिकलेली ही माणसं. नियम मोडला विद्यापीठांनी आणि पाटी उतरली यांची. निकाल कायद्याने बरोबर असेल, पण भोगलं कुणी, हेही बघायला हवं.

एएमआयईचीही तीच गत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची जुनी संस्था. तिची परीक्षा देऊन नोकरी करता करता पदवीच्या तोडीची पात्रता मिळायची. आता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच तो फायदा आहे.

महाराष्ट्रात या शब्दाला थेट पैशांची किंमतही आहे. सरकारी बांधकामांमधली ठरावीक रकमेपर्यंतची छोटी कामं ३३:३३:३४ अशा प्रमाणात वाटली जातात. एक वाटा मजूर सहकारी संस्थांना, एक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि उरलेला खुल्या ठेकेदारांना. त्यासाठी नुसतं 'इंजि.' चालत नाही, प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते.

याउलट रोजगार हमीत बघा. तलावातला गाळ काढल्यावर खड्ड्याचं माप घेणारा सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री घेतलेला असतो, पण कागदावर तो 'तांत्रिक सहायक'. केंद्राने मजूर कुटुंबातल्या दहावी पास मुलामुलींना मापं घ्यायचं प्रशिक्षण दिलं, त्यांना नाव दिलं 'बेअरफूट टेक्निशियन'. इंजिनिअर हा शब्द सरकार स्वतः मात्र जपून वापरतं.

आता सही. घर बांधणाऱ्या सामान्य माणसासाठी हाच भाग महत्त्वाचा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत परवानाधारक इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर अशा पायऱ्या आहेत. प्रत्येकाची पात्रता वेगळी आणि कुणी किती मोठ्या बांधकामाच्या नकाशावर सही करायची, याची मर्यादाही ठरलेली. स्लॅबला तडे गेले तर विचारणा होते ती कागदावर सही असलेल्याला. त्यामुळे साइटवर रोज येणारा 'इंजिनिअर साहेब' आणि नकाशावर सही करणारा माणूस एकच आहे का, हे पहिला हप्ता देण्याआधी विचारलेलं बरं. परवान्याचा नंबर आणि मुदत विचारली म्हणून कुणी रागावत असेल, तर तिथंच काय ते समजा.

बाहेरच्या देशांत काय चालतं? जर्मनीत 'इंजेनियर' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. कॅनडात प्रांतागणिक नियामक संस्था आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःला इंजिनिअर म्हणावं का यावर तिथं कोर्टबाजी झाली, आणि २०२३ मध्ये अल्बर्टाने त्यांच्यापुरती सूट दिली. ब्रिटनमध्ये शब्द मोकळा, पण 'चार्टर्ड इंजिनिअर' राखीव. आणि अमेरिकेत ट्रेन चालवणाऱ्यालाही इंजिनिअरच म्हणतात!

तिथलाच ओरेगॉनचा किस्सा भारी आहे. मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या बायकोला सिग्नलच्या कॅमेऱ्यामुळे दंड झाला. यांनी पिवळा दिवा किती वेळ लागावा याचं गणितच तपासलं आणि त्यात चूक असल्याचं राज्याच्या इंजिनिअरिंग मंडळाला कळवलं. पत्रात लिहिलं, मी इंजिनिअर आहे. त्यांच्याकडे स्वीडनमधली इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती, पण राज्याचा परवाना नव्हता. मंडळाने ५०० डॉलर दंड ठोकला. ते कोर्टात गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. परवान्याची गरज असलेलं काम न करता स्वतःला इंजिनिअर म्हणवणं हा त्यांचा हक्क ठरला.

भारतातही आता शब्दाला कुंपण घालायची तयारी दिसते. २०२५ मध्ये व्यावसायिक अभियंत्यांसाठीच्या विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी समोर आला. त्यात इंजिनिअरांची राष्ट्रीय परिषद आणि नोंदणीची कल्पना आहे. तसं झालं, तर फ्लेक्सवरच्या बऱ्याच 'इंजि.'ना नोंदणी क्रमांक शोधावा लागेल.

ज्यांच्या फोटोखाली हे फ्लेक्स लागतात, त्या विश्वेश्वरय्यांकडे बीई नव्हतीच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, १८८३ साली ते एलसीई झाले. त्यातला एल म्हणजे लायसेन्शिएट, मराठीत सांगायचं तर परवानाधारक.