पऱ्या अडवायचा दिवस

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसातला पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, पोचलो, तर तात्या आधीच पोटरीभर पाण्यात उभे. हातात पहार. दर दोन हातांवर ती तळाला मारायची, आवाज ऐकायचा, पुढे सरकायचं. "हितं वाळू. हितं पन वाळू. हां, हितं खडक लागला." मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय. पोती खडकावर बसली नाहीत तर पाणी खालच्या वाळूतून गुपचूप निघून जातं आणि वर बंधारा नुसता शोभेला उरतो, हे दुपारपर्यंत माझ्या कंबरेला नीट कळलं. कारण ती वाळू उपसायला मीच होतो.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. भातं कापून, झोडून झालेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. मळ्यात अजून ओल, पऱ्याला अजून धार. बंधारा घालायचा तो याच पंधरवड्यात. त्याआधी पाण्याला जोर असतो, आणि उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

याला 'वनराई बंधारा' म्हणतात. नाव मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेवरून आलं. धारिया महाडजवळच्या नाते गावचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद भूषवलेला माणूस उतारवयात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांबद्दल इतक्या कळकळीने बोलायचा, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय. कल्पना तशी जुनीच. तात्या सांगतात, "आमी पोरं व्हतो तवा दगड-माती-पेंढ्याचा घालायचो. पोती आता आली." नवीन आहे ते एवढंच, की घर बांधून झाल्यावर अंगणात उडत फिरणारं पोतं फुकट मिळतं.

जागा ठरवण्यात आदला आठवडा गेला होता. दोन्ही काठ जवळ आलेले हवेत, म्हणजे पोती कमी लागतात. पण वरच्या अंगाला पऱ्या पसरट आणि संथ हवा, नाहीतर एवढं करून हंडाभर पाणी साचायचं. काठ मातीचे ठिसूळ नकोत. या गणितात बसणाऱ्या तीन जागा निघाल्या, आणि त्यातल्या दोन जागांच्या वरच्या बाजूला ज्यांचे कुणगे (भातखाचरं) होते त्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. तिसरी जागा निवडली गेली. जलसंधारणाच्या पुस्तकात हा निकष मी कुठे वाचलेला नाही.

पोतं गच्च भरायचं नाही, हा पहिला धडा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं होतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही, मधे फट राहते. पाऊण भरायचं, तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवायचं, मग ते रचताना दबतं, पसरतं, खालच्याच्या अंगावर अंग टाकतं. चिऱ्याच्या भिंतीसारखाच सांधा चुकवायचा: खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरचं पोतं. तळाला रुंद, वर निमुळतं. मधोमध एक थर कमी, जादा पाण्याला सांडायला. माझ्या हातची पहिली आठ-दहा पोती काकींनी उसवून अर्धी रिकामी करायला लावली. "भावजी, भाताचं पोतं भरताय काय? बाजारात न्यायचं नाय हे."

काकी बचतगटाच्या. शिवायला सहा बायका, भरायला पुरुष, वाहायला पोरं, असा आपसूक वाटा पडला होता. पोरांनी घमेली सोडून कुर्ल्या धरायचं काम जास्त केलं, पण त्यातूनच एक कामाची गोष्ट निघाली. डाव्या काठात कुर्ल्यांची बिळं होती. गेल्या वर्षीचा बंधारा फुटला नव्हता, वाहूनही गेला नव्हता, तरी जानेवारीत पाणी उतरलं होतं. सगळ्यांचं एकमेकांवर बोट दाखवून झालं होतं. पाणी या बिळांतून बंधाऱ्याला वळसा घालून गेलं होतं. या खेपेला दोन्ही काठ हातभर आत खणून पोती आत घुसवली आणि बिळांत पेंढा व चिकणमाती कुटून बसवली. वरच्या अंगाला तीच चिकणमाती पायांनी तुडवून लिंपली. अंगण चोपतात ना, तसं.

दहाला चहा आणि पोहे. कातळावर बसल्या बसल्या हिशेब झाला: एकशे साठ पोती, एकतीस माणसं.

बाहेरच्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ढोबळ मानाने मराठवाड्याच्या चौपट. तरी एप्रिल-मेमध्ये इथल्या डोंगरवाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, टँकर लागतो. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र फार तर पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र. आणि जांभा म्हणजे चाळण. वरून ओतलेलं तो पितो, खालच्या चिकण थरावर पाणी अडतं आणि डोंगराच्या पायथ्याशी कुठेतरी झऱ्याने बाहेर पडतं. डोंगरावर झाडोरा असला तर हा झरा फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरतो. झाडोरा गेला की दिवाळीनंतर गप्प होतो. म्हणजे बंधारा खाली घालायचा, पण त्याचं पाणी वरच्या रानात ठरतं.

आमच्या पऱ्याचं मूळ देवराईत आहे. दुपारी जेवणाआधी गुरवांबरोबर वर जाऊन आलो. खाली उन्हाचा चटका होता, आत शिरल्यावर घाम गार झाला. किंजळ, सातवीण, ऐन, काजरा. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल. आणि एक बेहडा, चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारा. त्याच्या ढोलीत ककणेराची जोडी येते. उन्हाळ्यात मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. गुरवांनी झाडाखालचा पाला पायाने बाजूला सारला. तळाशी रोपंच रोपं: उंबर, काजरा, भेरली माड. पक्ष्याने खाऊन टाकलेल्या बियांची ही रोपवाटिका, पाणी घालायला कुणी नाही. गावातल्या पोरांनी इथलीच रोपं उचलून पिशव्यांत वाढवली आणि जुलैत राईच्या कडेला, जिथे तोड झाली होती तिथे लावली. त्यातली निम्मी तरी हिरवी दिसली. उरलेली गुरांनी खाल्ली.

ती तोड कशी झाली, हे सांगताना गुरवांचा आवाज खाली गेला. देवळाचा जीर्णोद्धार. पूर्वी राईतली सुकी फांदी उचलायलाही देवाला कौल लावायचे. मग स्लॅबचं देऊळ हवं झालं, चकचकीत फरशी हवी झाली, आणि कौलही हवा तसा मिळाला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राया कमी होत असल्याचं बोललं जातंय. पण संगमेश्वर तालुक्यात निव्वळ बोलण्यावर थांबलेलं नाही. पुण्याची 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' इथे नव्वदच्या दशकापासून गावांबरोबर काम करते. देवराईच नव्हे, खासगी रानही इतकी वर्षं तोडायचं नाही असा करार मालकाशी करायचा, त्या बदल्यात त्याला काहीतरी हाती द्यायचं. हे इथे फार महत्त्वाचं आहे, कारण रत्नागिरीतलं बहुतेक जंगल सरकारी नाही, तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरचं आहे. मुलाचं लग्न निघालं की ठेकेदार येतो, डोंगर उक्ता घेतो आणि पंधरा दिवसांत बोडका करतो. त्या बापाला पर्यावरणाचं व्याख्यान देण्यात अर्थ नसतो.

राईच्या वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. तिथे मात्र मी भांडलो. एका उत्साही तरुणाचं म्हणणं, पुढच्या पावसात इथे दोन हजार झाडं लावू. सातबाऱ्यावर सड्याला 'पोटखराबा' म्हणतात, त्यामुळे तो ओसाड आहे असं सगळ्यांनाच वाटतं. पावसाळ्यात येऊन बघावं. पहिल्या सरींनंतर दीपकाडी फुलते, मग गेंद, सीतेची आसवं, तेरडा. कातळाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यावर बेडकांची अख्खी पिढी वाढते. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. इथल्या गवताला झाडांची उणीव कधी भासलेली नाही. आणि 'झाडं लावू' म्हटलं की लागते ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. ती पटकन वाढते आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून सामाजिक वनीकरणातून आली. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८६ पासून शेतकऱ्यांची 'लँडकेअर' नावाची चळवळ चालू आहे. गावगट करायचा, परकी झाडंझुडपं काढायची, ओढ्याकाठी तिथलीच मूळची झाडं लावायची, माती धरायची. ते आपल्या झाडांसाठी राबतात आणि त्यांच्या देशातलं झाड आपण सड्यावर मिरवतो. तरुण तेवढ्यापुरता हसला. मला वाटतं, त्याला पटलेलं नाही.

खाली आलो तर शेवटचा थर चालू होता. या जागेपासून हाकेच्या अंतरावर एक सिमेंटचा पक्का बंधारा आहे. त्याची लोखंडी दारं कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. खांब उभे आहेत, त्यांवर बाया कपडे धुतात. तो बांधला तेव्हा गावाला वाटलं, कायमची ददात मिटली, म्हणून पुन्हा तिकडे कुणी फिरकलं नाही. आमचा दर पावसात जातो, म्हणून दर वर्षी एकतीस माणसं पऱ्यात उतरतात, बिळं शोधतात, जागेवरून भांडतात. मला या कच्चेपणाचीच बाजू घ्यावीशी वाटते. तात्यांना वाटत नाही. "तुमी वर्षातून एकदा येता. आमाला पक्काच हवा, दारांसकट," म्हणाले. त्यांची कंबर माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी जुनी आहे.

चार वाजता वरच्या अंगाला पाणी चढू लागलं. आधी पोटरी, मग गुडघा. पोरं उड्या मारायला लागली आणि कुणी अडवलं नाही. पाचव्या दिवशी फोन आला, पाणी सांडव्यावरून जातंय, आणि काठच्या विहिरीत दोन पायऱ्या बुडाल्या आहेत. त्या पाण्यावर काकींच्या गटाने वांगी, मुळा, लाल माठ आणि वालीच्या शेंगा केल्या. वरच्या कुणग्यांत पावटा आणि कुळीथ होतेच, पण त्यांना काय, दवावरसुद्धा ते येतात. फेब्रुवारीत पलीकडच्या डोंगराला वणवा लागला, तेव्हा काजूची कलमं वाचवायला हंडे भरले ते इथूनच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पऱ्याला पूर यायच्या आत, बंधारा सोडायला पुन्हा गेलो. उन्हाने वरचा थर पार भुगा झाला होता. प्लास्टिकचे पांढरे धागे वाळूत मिसळलेले. ते वेचता येतील तेवढे वेचले, बाकीचे समुद्राकडे गेले असणार. पाण्याखालची पोती मात्र धड निघाली. काकींनी ती रिकामी करून, झटकून, कुंपणावर उलटी वाळत घातली. शहाण्णव.

"चौसष्ट कमी पडतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या रत्नागिरीत कुणाचं घर चाललंय काय बांधायचं?"