एंजिनाचा धूर व तेलाचा खप

जुन्या मोटारगाडीच्या निष्कास नळीतून येणाऱ्या धुराचा रंग, वास व वेळ आणि वंगण तेल कमी होण्याचे प्रमाण यांवरून एंजिनातील झीज किंवा बिघाड नेमका कोठे आहे, हे ठरविण्याची पद्धत. हे निदान एंजिन न उघडता करता येते. ते चुकले, तर चांगले भाग बदलले जातात, खर्च होतो आणि धूर मात्र कायम राहतो.

रायगड जिल्ह्यात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. जिल्ह्यातील ‘एमएच ०६’ क्रमांकाच्या वाहनांची नोंदणी करणारे परिवहन कार्यालय पेण येथे आहे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते; त्यानंतर तपासणी होऊन ती दर ५ वर्षांसाठी वाढविली जाते. त्यामुळे रोहे, नागोठणे आदी गावांतील जुन्या गाड्यांच्या मालकांना धुराचा प्रश्न या तपासणीपूर्वी सोडवावा लागतो. येथील जुन्या गाड्यांचे परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होत असे. तिलाच १९७० नंतरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचा व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी. व घनफळ १,०८९ घ. सेंमी. आहे. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हौशी मालकांकडे मात्र या गाड्या अजूनही आहेत.

तेल जळण्याचे मार्ग : सिलिंडरात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला सामान्यतः तीन कड्या असतात. कार्यशाळांत त्यांना ‘रिंगा’ म्हणतात. वरच्या दोन कड्या मुख्यतः वायूचा दाब अडवितात, तर खालची कडी सिलिंडराच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली ‘चेंबर’मध्ये परत पाठविते. भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर उरतो व त्यातील अल्पांश जळतोच. म्हणून कोणत्याही एंजिनात तेलाचा थोडा खप अटळ आहे. कड्या झिजल्या, काजळीने खाचेत अडकल्या किंवा सिलिंडर लंबगोल झाले, तर हे प्रमाण वाढते. दुसरा मार्ग वरून आहे. झडपेचा दांडा ज्या नळीवजा मार्गदर्शकात सरकतो तो झिजला किंवा त्यावरील रबरी टोपी कडक झाली, म्हणजे शीर्षातील तेल दांड्याच्या कडेने ज्वलनकक्षात उतरते. तिसरा मार्ग श्वसननळीचा होय. कड्यांतून निसटलेला वायू चेंबरमध्ये साठून दाब वाढतो व तेलाचे तुषार या नळीवाटे हवागाळणीत जातात.

धुराचे रंग : निळसर धूर हा जळलेल्या वंगण तेलाचा असतो. त्यातील थेंब इतके सूक्ष्म असतात की, प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरला जातो. त्याला करपलेल्या तेलाचा उग्र वास येतो. काळा धूर हा अर्धवट जळलेल्या इंधनातील कार्बनाचा होय. पेट्रोल एंजिनात चोक अडकणे, कार्ब्युरेटरमधील तरंगकाची पातळी चढणे किंवा हवागाळणी तुंबणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. काळ्या धुरासाठी दट्ट्याच्या कड्या बदलणे निरर्थक ठरते.

पांढऱ्या धुराबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. थंडीत पहाटे किंवा पावसाळ्यातील दमट हवेत ही वाफ नळीच्या तोंडाशी गोठून पांढरी दिसते आणि एंजिन व नळी तापल्यावर नाहीशी होते. हा दोष नव्हे. एंजिन पूर्ण तापल्यानंतरही दाट पांढरा ढग येत राहिला व रेडिएटरमधील पाणी घटत गेले, तर हेड गॅस्केट फुटल्याची किंवा शीर्षाला तडा गेल्याची शक्यता असते. अशी गाडी चालवीत राहणे धोक्याचे आहे; कारण पाणी तेलात मिसळले की वंगण नष्ट होऊन धारवे घासतात. मात्र तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा दुधी लेप दिसला, एवढ्यावरून हा निष्कर्ष काढू नये. कोकणच्या दमट हवेत केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो साठलेल्या बाष्पामुळेही होतो. तेलपट्टीवरील संपूर्ण तेलच दुधाळ झाले असेल, तर मात्र गॅस्केट संशयास्पद समजावे.

धूर पडण्याची वेळ : निळा धूर केव्हा येतो यावरून तेलाचा मार्ग ओळखता येतो. पेण–नागोठणे–रोहे या मार्गावरील भिसे खिंडीचा चढउतार या परीक्षेस सोयीचा आहे. उतारावर गिअर न काढता प्रवेगकावरील पाय उचलला, म्हणजे अंतर्ग्रहण नळीत मोठी निर्वात निर्माण होते व झडपांच्या मार्गदर्शकांतून तेल ओढले जाते. पायथ्याशी प्रवेगक पुन्हा दाबताच निळ्या धुराचा लोट आला व तो लवकरच विरला, तर दोष बहुधा मार्गदर्शकांत असतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच एकदा निळा धूर येऊन थांबणे हेही त्याच दोषाचे लक्षण आहे. उलट, चढावर एंजिनावर भार असताना धूर सतत येत असेल व गतीबरोबर वाढत असेल, तर दोष कड्यांत किंवा सिलिंडरात असण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी एंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण सैल केल्यास तेथून धुरकट वायूचे झोत बाहेर पडताना दिसतात.

खपाचे मापन : केवळ धुरावर विसंबून न राहता खप मोजावा. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन थांबविल्यावर काही मिनिटांनी तेलपट्टीवरील पातळी पाहावी, ती वरच्या खुणेपर्यंत आणावी व गाडीचे किलोमीटर नोंदवावे. पुढे त्याच खुणेपर्यंत येण्यासाठी घातलेले तेल मोजले, म्हणजे दर लिटरला किती अंतर पडते ते कळते. कार्यशाळांतील ढोबळ संकेतानुसार जुन्या एंजिनाने १,००० किमी.ला एक लिटरपेक्षा कमी तेल घेतल्यास ते चालवून घेता येते, ५०० किमी.ला एक लिटर लागू लागले, तर दुरुस्ती टाळता येत नाही. मापनापूर्वी रात्रभर गाडीखाली कागद अंथरून गळतीही पाहावी, कारण पुष्कळदा ‘जळालेले’ तेल प्रत्यक्षात झाकणपट्टीतून गळालेले असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यासही ते उडून जळते. पातळी आपोआप वाढत असेल, तर तो शुभसंकेत नव्हे : यांत्रिक इंधनपंपाचा पडदा फाटून पेट्रोल, किंवा गॅस्केटमधून पाणी, चेंबरमध्ये उतरत असते.

संपीडन परीक्षा : वरील अनुमान या परीक्षेने पक्के करतात. एंजिन तापवून सर्व स्पार्क प्लग काढतात, प्रज्वलन बंद ठेवतात, प्रवेगक पूर्ण दाबतात व स्टार्टरने एंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजतात. उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांतील परस्पर फरकाला असते. तो १० ते १५ टक्क्यांहून अधिक नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजणी करतात. हे तेल कड्यांच्या फटी तात्पुरत्या बुजविते. म्हणून दाब चढला तर दोष कड्यांचा व सिलिंडराचा, न चढल्यास झडपांच्या बैठकीचा किंवा गॅस्केटचा असतो. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळालेले असू शकते. सर्व दाब चांगले असूनही तेल जळत असेल, तर मार्गदर्शक व तेल खरवडणारी कडी यांची तपासणी करावी, कारण ही परीक्षा त्यांचा दोष दाखवीत नाही. काढलेले प्लगही बोलके असतात : ओलसर, तेलकट काळा प्लग तेलाची, तर कोरडा काजळीचा प्लग समृद्ध मिश्रणाची साक्ष देतो.

उपाय : मार्गदर्शकांचा दोष केवळ शीर्ष उतरवून दूर करता येतो, त्यासाठी संपूर्ण एंजिन खोलण्याची गरज नसते. कड्या बदलताना सिलिंडराची झीज मोजणे आवश्यक आहे. लंबगोल झालेल्या सिलिंडरात नव्या कड्या बसविल्यास त्या भिंतीला सर्वत्र टेकत नाहीत व थोड्याच दिवसांत धूर परत येतो. अशा वेळी सिलिंडर कातून मोठ्या मापाचे दट्टे बसवितात. नव्या कड्यांनी खालची बाजू घट्ट झाल्यावर झिजलेल्या मार्गदर्शकांवाटे तेल पूर्वीप्रमाणेच ओढले जाते. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा. अधिक श्यानतेचे तेल वापरल्याने खप काहीसा घटतो. पण झीज भरून निघत नाही. कोकणातील लाल धूळ हवागाळणीतून आत गेल्यास कड्या व सिलिंडर वेगाने झिजतात. गाळणीची निगा हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

प्रदूषण व सुरक्षितता : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार जुन्या चारचाकी पेट्रोल गाड्यांच्या निष्कासात संथ गतीला कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. हे प्रमाण प्रामुख्याने इंधन-हवा मिश्रणावर अवलंबून असते. त्यामुळे तेल जाळणारी गाडीही या कसोटीस उतरू शकते. प्रमाणपत्र म्हणजे एंजिनाच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. तसेच गाडी नैसर्गिक वायूवर चालविल्याने वंगण तेलाचा निळा धूर थांबत नाही. तपासणी नेहमी उघड्या जागी करावी. कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने बंद गॅरेजमध्ये धुराच्या वासावरून धोक्याची जाणीव होईलच असे नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकणही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते उसळून गंभीर भाजण्याची भीती असते.

धुराचा रंग, त्याची वेळ, मोजलेला खप व संपीडन परीक्षा या चारही गोष्टी एकाच दोषाकडे बोट दाखवीत असतील, तरच एंजिन खोलणे योग्य ठरते.