मत आमचं, पंतप्रधान त्यांचा

५ जून २०१९ रोजी थायलंडची नवी संसद पंतप्रधान निवडायला बसली, तेव्हा तिला बसायला स्वतःची इमारतही नव्हती. नवं संसदभवन अजून बांधून व्हायचं होतं, म्हणून बँकॉकमधल्या सरकारी दूरसंचार कंपनीच्या सभागृहात कामकाज चालू होतं. दिवसभर वादावादी झाली, मग एकेका सदस्याचं नाव पुकारून तोंडी मतदान झालं. रात्री उशिरा आकडा जाहीर झाला: जनरल प्रयुत चान-ओचा ५००, तरुण उद्योगपती थनाथॉर्न २४४. प्रयुत यांच्या ५०० मतांपैकी २४९ मतं सिनेटची होती. सिनेटचे सभासद एकूण २५०, त्यातले अध्यक्ष तेवढे तटस्थ राहिले. या २५० जणांची नेमणूक ज्या लष्करी परिषदेने केली होती, तिचे प्रमुख होते स्वतः प्रयुत.

पाच वर्षांपूर्वी रणगाड्यांच्या जोरावर आलेला माणूस मतपेटीच्या वाटेने पुन्हा त्याच खुर्चीत बसला. तरी दुसऱ्या दिवशी बँकॉकमध्ये मोठा मोर्चा निघाला नाही. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, त्यांनाही धक्का बसला नाही, कारण हे होणार हे त्यांना मतदानाआधीच माहीत होतं.

याच शहराने सत्तावीस वर्षांपूर्वी असाच प्रसंग वेगळ्या रीतीने पाहिला होता. फेब्रुवारी १९९१ मध्ये जनरल सुचिंदा क्राप्रायून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. आपण पंतप्रधान होणार नाही, असं सुचिंदांनी सांगितलं होतं. मार्च १९९२ मध्ये निवडणूक झाली, लष्कराच्या मर्जीतल्या पक्षांनी बहुमत जमवलं आणि एप्रिलमध्ये सुचिंदाच पंतप्रधान झाले. राष्ट्रासाठी शब्द मोडावा लागतोय, असं समर्थन त्यांनी दिलं. लोक भडकले. मे महिन्यात लाखांची गर्दी रस्त्यावर उतरली, सैनिकांनी गोळीबार केला. सरकारी मोजणीनुसार ५२ माणसं मेली आणि अनेकांचा पत्ता कधीच लागला नाही. २४ मे रोजी सुचिंदांनी राजीनामा दिला. जनतेला दिलेला शब्द सर्वांदेखत मोडला, ही गोष्ट त्या वेळी लोकांना सहन झाली नव्हती.

१९९२ आणि २०१९ मधला हा फरक थाई माणूस थंड पडल्यामुळे पडला, असं म्हणणं अन्यायाचं आहे. मधल्या काळात सेनानी एक धडा शिकले होते: नंतर मोडावा लागेल असा शब्द देऊच नये, जे करायचं ते आधीच कायद्यात लिहून ठेवावं.

२० मे २०१४ च्या पहाटे लष्करप्रमुख प्रयुत यांनी लष्करी कायदा पुकारला आणि हे बंड नव्हे, असं सांगितलं. दोन दिवसांनी भांडणाऱ्या पक्षांच्या नेत्यांना त्यांनी लष्कराच्या क्लबमध्ये बैठकीला बोलावलं होतं. काळजीवाहू सरकार राजीनामा देणार का, असं त्यांनी विचारलं. नकार मिळताच आपण सत्ता ताब्यात घेत आहोत असं तिथेच जाहीर केलं आणि समोरच्या नेत्यांना सैनिकांनी ताब्यात घेतलं. १९३२ मध्ये निरंकुश राजेशाही संपल्यापासून देशातलं हे बारावं यशस्वी बंड होतं. पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर प्रयुत यांचं भाषण सुरू झालं. कार्यक्रमाचं नाव होतं ‘जनतेला आनंद परत’. याच आशयाचं एक गाणंही त्यांनी लिहिलं आणि ते रेडिओवर सतत वाजू लागलं. त्याच दिवसांत चौकात उभं राहून सँडविच खाणं, जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ हातात धरून बसणं किंवा ‘हंगर गेम्स’ चित्रपटातल्यासारखी तीन बोटं उंचावणं यासाठी लोकांना पकडून नेलं जात होतं.

निवडणुकीची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. आधी २०१५ ची अखेर, मग २०१६, मग २०१७, मग नोव्हेंबर २०१८, मग फेब्रुवारी २०१९. प्रत्येक वेळी कारण तयार असे आणि ते कागदोपत्री खरंही असे: मसुदा फेटाळला गेला, पूरक कायदे राहिलेत, अंमलबजावणीला मुदत हवी. २०१८ च्या पूर्वार्धात ‘निवडणूक हवी असलेले लोक’ या साध्या नावाखाली शेकडो माणसं रस्त्यावर उतरली, तर त्यांच्यावर खटले भरले गेले. आम्हाला मत देऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

खरं काम चाललं होतं ते राज्यघटनेवर. पहिला मसुदा सप्टेंबर २०१५ मध्ये लष्कराने नेमलेल्या परिषदेनेच फेटाळला, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष बोवोर्नसाक उवान्नो म्हणाले की लष्करी सत्ताधाऱ्यांना फार काळ राहायचंय. हे वाक्य घरोघरी झालं. दुसऱ्या मसुद्यावर ७ ऑगस्ट २०१६ रोजी सार्वमत झालं. मसुद्याविरुद्ध प्रचार करणं जवळपास अशक्य होतं, कारण मतदारांना फितवल्याचा ठपका बसला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. पत्रकं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक झाली. मसुदा ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. सोबत दुसरा प्रश्नही होता. त्याची भाषा इतकी लांबलचक होती की वाचून झाल्यावरही काय विचारलंय ते चटकन कळू नये. त्याचा अर्थ एवढाच होता: पहिली पाच वर्षं पंतप्रधान निवडताना ५०० खासदारांबरोबर २५० नेमलेले सिनेटरही मत देतील. तोही मंजूर झाला.

हिशेब सोपा होता. एकूण ७५० मतं, बहुमताला ३७६. ज्याच्या हातात सिनेटची २५० आहेत, त्याला लोकांनी निवडलेल्या सभागृहातून १२६ पुरेत. जो लष्कराविरुद्ध उभा राहील, त्याला मात्र ५०० पैकी ३७६ खासदार हवेत. २०१८ च्या अखेरीस प्रयुत यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पलांग प्रचारत पक्षाचे एक नेते सोमसाक थेपसुतिन यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की ही घटना आमच्यासाठीच बनवलेली आहे. विरोधकांनी ते वाक्य पुढची कित्येक वर्षं उगाळलं, पण ज्यांनी ते ऐकलं त्यांना त्यात नवं काही वाटलं नाही.

अविश्वास मुरायला इतरही कारणं होती. डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रिमंडळाच्या सामूहिक छायाचित्राच्या वेळी उपपंतप्रधान जनरल प्रवित वोंगसुवान यांनी उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला आणि मनगटावरचं महागडं घड्याळ दिसलं. मालमत्तेच्या विवरणात त्याची नोंद नव्हती. इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी जुने फोटो चाळून वीसहून अधिक घड्याळं मोजली. प्रवित यांचा खुलासा असा, की घड्याळं मित्राकडून उसनी घेतलेली होती आणि तो मित्र आता हयात नाही. वर्षभराने भ्रष्टाचारविरोधी आयोगाने ५ विरुद्ध ३ मतांनी प्रकरण मिटवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये काही तरुण रॅप गायकांनी ‘माझ्या देशात काय काय आहे’ अशा आशयाचं गाणं काढलं, तेव्हा पोलिसांनी कारवाईची भाषा केली आणि त्यानंतर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं.

तरीही २४ मार्च २०१९ रोजी जवळजवळ ७५ टक्के लोकांनी मतदान केलं. मागोवा घेताना या आकड्यापाशी थांबावं लागतं. निकाल आधीच लिहिलेला आहे असं मानणारी माणसं सहसा घरी बसतात, ही तर रांगेत उभी राहिली. आदल्या रात्री ‘चांगल्या माणसांना’ राज्य करू द्या, असं राजाचं निवेदन प्रसिद्ध झालं, तेव्हा काही तासांत थाई ट्विटरवर ‘आम्ही मोठे झालोय, आमचं आम्ही निवडू’ हा हॅशटॅग अग्रभागी आला. राजाबद्दल चकार शब्द काढला तर तुरुंगात पाठवणारा कायदा असलेल्या देशात हे साधं धाडस नव्हतं.

मतमोजणीने उरलीसुरली आशाही घालवली. त्या रात्री निवडणूक आयोगाने आकडे देणं मध्येच थांबवलं. न्यूझीलंडमधल्या थाई नागरिकांची दीड हजाराहून अधिक मतं उशिरा पोचली म्हणून मोजलीच गेली नाहीत. वीस लाखांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. आयोगावर कारवाई करा, या ऑनलाइन मागणीवर लाखो लोकांनी सह्या केल्या. जागांचा अंतिम आकडा यायला मेचा दुसरा आठवडा उजाडला. दरम्यान पक्षांच्या यादीतल्या जागा वाटण्याचं जे सूत्र आयोगाने स्वीकारलं, त्यामुळे एका जागेला लागणारी सुमारे ७१ हजार मतंही न मिळालेल्या अकरा छोट्या पक्षांना एकेक जागा मिळाली. त्यातले बहुतेक प्रयुत यांच्या बाजूला गेले. सात विरोधी पक्षांनी २७ मार्चला २५५ जागांचा दावा केला होता, तो विरून गेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. प्रयुत यांना खरा पाठिंबाही होता. त्यांच्या पक्षाला सर्वाधिक, म्हणजे ८४ लाख मतं पडली. माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांचे लाल सदऱ्यांतले समर्थक आणि पिवळ्या सदऱ्यांतले विरोधक यांच्या रस्त्यावरच्या दहा वर्षांच्या संघर्षाला कंटाळलेली, शांतता हवी असलेली लाखो माणसं त्यात होती. कल्याणकार्डाचे पैसे मिळालेली गरीब कुटुंबंही होती. या मतांना खोटं म्हणता येणार नाही. दुःख याचं आहे, की सामना नीट खेळला असता तरी कदाचित जिंकू शकला असता अशा माणसाने तसा खेळून पाहिलाच नाही. त्यामुळे त्याचे ८४ लाखही कायमचे संशयात राहिले. लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या डेमोक्रॅट पक्षाचं वर्तन आणखी क्लेशदायक होतं. नेते अभिसित वेज्जाजीवा यांनी प्रचारात प्रयुत यांना पाठिंबा न देण्याचं वचन दिलं होतं, पक्ष मात्र सरकारात गेला. अभिसित यांनी ५ जूनलाच खासदारकी सोडली. त्या सगळ्या प्रकरणात शब्द पाळणारी माणसं फार थोडी दिसली.

मग न्यायालयांची पाळी आली. थनाथॉर्नची खासदारकी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली. ६३ लाख मतं मिळवलेला त्याचा फ्यूचर फॉरवर्ड पक्ष २१ फेब्रुवारी २०२० रोजी त्यानेच पक्षाला दिलेल्या कर्जाच्या कारणावरून बरखास्त झाला. इथे पहिल्यांदा मत दिलेली पोरं उठली. आधी विद्यापीठांच्या आवारात आणि करोनाची पहिली लाट ओसरल्यावर जुलैपासून रस्त्यावर. करदात्यांच्या पैशावर ताव मारणारे मंत्री म्हणजे हॅमटारो या जपानी कार्टूनमधले हॅमस्टर, असं ठरवून त्यांनी त्याच्या गाण्याचे शब्द बदलले आणि लोकशाही स्मारकाभोवती ते गात धावू लागली. नोव्हेंबरमध्ये पाण्याच्या माऱ्यापासून वाचायला फुगवलेली पिवळी बदकं ढाल झाली. १० ऑगस्टला थम्मासात विद्यापीठात राजसत्तेच्या सुधारणेच्या दहा मागण्या वाचल्या गेल्या. त्याची किंमत पुढे अडीचशेहून अधिक लोकांनी राजाच्या अवमानाच्या खटल्यांच्या रूपात मोजली. नेतिपोर्न सानेसांगखोम ही २८ वर्षांची कार्यकर्ती उपोषणानंतर १४ मे २०२४ रोजी कोठडीत वारली.

प्रयुत मात्र टिकले. घटनेप्रमाणे पंतप्रधानपद आठच वर्षं भूषवता येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना आठ वर्षं झाली, तेव्हा न्यायालयाने त्यांना काही आठवडे निलंबित केलं आणि ३० सप्टेंबरला ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की मोजणी नव्या घटनेपासून, म्हणजे एप्रिल २०१७ पासून धरायची. बंडानंतरची जवळजवळ तीन वर्षं हिशेबातून गळाली.

१४ मे २०२३ ला लोकांनी पुन्हा ७५ टक्के मतदान केलं. प्रयुत यांच्या नव्या पक्षाला ३६ जागा मिळाल्या. बरखास्त पक्षाचा वारस असलेला मूव्ह फॉरवर्ड १५१ जागा आणि एक कोटी चव्वेचाळीस लाख मतांसह पहिला आला. १३ जुलैला त्यांचे नेते पिता लिमजारोएनरात यांच्या बाजूने ३२४ मतं पडली. त्यात सिनेटर होते फक्त १३. सिनेटचं कुलूप अजून बंदच होतं. ऑगस्टमध्ये थाकसिन शिनावात्रांच्या फ्यू थाई पक्षाने जनरलांच्याच पक्षांशी हातमिळवणी करून सरकार बनवलं. त्याच दिवशी थाकसिन पंधरा वर्षांच्या परागंदा आयुष्यातून मायदेशी उतरले. लष्करी पक्षांशी जमवून घेणार नाही, असं फ्यू थाईने प्रचारात सांगितलं होतं. पक्षाध्यक्ष चोल्नान यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे अध्यक्षपद सोडलं, पण सरकार राहिलं. लष्कराने दिलेल्या जखमांपेक्षा हा घाव वेगळा होता, कारण तो आपल्या समजल्या गेलेल्या माणसांनी दिला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रयुत राजाच्या सल्लागार मंडळावर गेले.

नेमलेल्या सिनेटची मुदत मे २०२४ मध्ये संपली. ७ ऑगस्टला न्यायालयाने मूव्ह फॉरवर्डही बरखास्त केला. दोनच दिवसांत पक्षाचे १४३ खासदार ‘पीपल्स पार्टी’ या नव्या नावाखाली एकत्र आले आणि नव्या पक्षाच्या सदस्यत्वासाठी व देणगीसाठी लोकांची रीघ लागली.