इमारतीचा सर्व्हर जागा आहे का?

भिलाईत रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याने वसवलेली टाऊनशिप आहे. आखीव सेक्टर, ठेंगणी क्वार्टर्स आणि पंखा-कूलरवर उन्हाळा काढायची सवय. स्मृति नगर पलीकडच्या अंगाला. तिथून जुनवानीकडे जावं तशी खासगी घरं, महाविद्यालयं, रुग्णालयं लागतात. त्याच भागात कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाईचं आवार आहे, त्याचं लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा किंवा संगणक कक्ष थंड ठेवायचा तर नुसता एसी बसवून भागत नाही. चिलर, पंप, थंड हवा खेळवणारे एएचयू, डिझेल जनरेटर, पाण्याच्या टाक्या या सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवावी लागते. अशी नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला सगळे बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टम, म्हणतात आणि तिचं डोकं म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीत घुमणारा एक सर्व्हर.

बीएमएस विकणारा पडद्यावरची चित्रं दाखवतो. निळे पाइप, फिरणारे पंखे, हिरवे दिवे. पाहणारा खूश होतो आणि सही करतो. ही चित्रं दाखवणारा सर्व्हर स्वतः धड आहे की नाही, हे कुठे दिसतं, असं सहसा कोणी विचारत नाही. या लेखाचा विषय तोच: सर्व्हरची आणि त्याच्या हाताखाली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरांची प्रकृती तपासणारी व्यवस्था, म्हणजे सिस्टम स्टेटस मॉनिटरिंग.

तिचा पाया जुना आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून अमेरिकेतल्या ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये एक समिती नेमली. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष होते. आठ वर्षांच्या खलानंतर १९९५ मध्ये बॅकनेट हे मानक निघालं, आणि आज बहुतेक मोठ्या इमारती ते बोलतात. त्याचा ठरलेला पोर्ट ४७८०८, षोडशमान पद्धतीत लिहिला तर बीएसी-शून्य. मानकं लिहिणाऱ्यांनाही गंमत सुचते ती अशी.

बॅकनेटमधल्या प्रत्येक पॉइंटसोबत, म्हणजे मोजल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीसोबत, चार खुणा चालतात: अलार्म आहे, बिघाड आहे, कोणीतरी जागेवर हाताने बदललं आहे, आणि सेवेतून काढलेला आहे. तपमान २२ अंश दिसतं, पण ‘सेवेतून काढलेला’ ही खूण लागलेली असेल तर तो आकडा कोणीतरी हाताने टाकलेला असू शकतो. खोलीत ३१ असेल. कंट्रोलरचीही स्वतःची स्थिती असते: चालू, फक्त वाचता येण्याजोगा, प्रोग्रॅम भरणं बाकी, बॅकअप सुरू, बंद. म्हणजे माहिती यंत्रात मुळातच असते. ती पडद्यापर्यंत आणि तिथून माणसापर्यंत आणायचं काम कॉन्फिगरेशन करणाऱ्याचं. नेमकं तेच काम इमारत ताब्यात देण्याच्या घाईत शेवटच्या दिवसावर ढकललं जातं.

सुरुवात हजेरीपासून होते. वर्गशिक्षक नावं पुकारतो तसा सर्व्हर ठरावीक वेळाने एकेका कंट्रोलरला हाक मारतो. उत्तर आलं नाही की पुन्हा मारतो, तरीही आलं नाही की ‘ऑफलाइन’ लिहितो. किती वेळाने हाक मारायची, किती सेकंद थांबायचं, किती वेळा पुन्हा विचारायचं, हे तीन आकडे भरायचे असतात. दर पाच सेकंदांनी हाका मारल्या तर बॅकनेटच्या जुन्या, दोन तारांच्या एमएस/टीपी लाइनवर दुसरं काही चालतच नाही. तासाने एकदा मारली तर शवागाराचा शीतकक्ष बंद पडल्याचं तासाने कळतं. चिलर आणि शीतकक्षाला मिनिटभर, जिन्यातल्या दिव्यांना पंधरा मिनिटं, असा भेद करावाच लागतो. सगळ्यांना एकच आकडा लावला असेल, तर तो फॅक्टरीतून आला तसाच ठेवला आहे हे ओळखावं.

मग येते सर्व्हरची स्वतःची तब्येत. प्रोसेसरवरचा ताण क्षणभर ९५ टक्क्यांवर गेला म्हणून कोणाला उठवायचं नसतं. पाच-दहा मिनिटं तिथेच ठाण मांडून बसला तर उठवायचं. डिस्कची गोष्ट उलटी आहे. ती हळूहळू भरते आणि भरली की एकदम सगळं ठप्प होतं. हिशेब सोपा आहे. एका पॉइंटची नोंद दर मिनिटाला घेतली तर दिवसाला १,४४० नोंदी. असे २,००० पॉइंट म्हणजे दिवसाला २८ लाख ८० हजार. मध्यम इमारतींत नोंदी ठेवायला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरतात, कारण तो फुकट आहे. मात्र त्याच्या २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नवी नोंद आत जात नाही. पडदा हिरवा, पंखे फिरताहेत, आणि गेल्या तीन महिन्यांचा आलेख कोरा. वीजबिल का वाढलं हे शोधायला कोणी बसलं की मगच ते उघडकीला येतं. म्हणून डिस्कला ८० टक्क्यांवर सूचना आणि ९० वर तातडीचा अलार्म लावतात, आणि डेटाबेसच्या आकाराला वेगळा.

घड्याळ हे आणखी एक दुर्लक्षित खातं. एखादा कंट्रोलर ग्रीनिच वेळेवरच राहिला तर पहाटे २ वाजून १० मिनिटांची घटना त्याच्या वहीत आदल्या रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी घडलेली असते. आधी पंप बंद पडला की आधी वीज गेली, यावर मग चौकशीत दोन गट पडतात. सर्व घड्याळं एकाच वेळेशी जुळतात की नाही, हेही स्टेटसच्या पानावर दिसायला हवं.

हे सगळं नीट भरलं तरी एक भोक उरतं. बंद पडलेला सर्व्हर ‘मी बंद पडलो’ असा मेल पाठवू शकत नाही. त्यासाठी बाहेरच्या दुसऱ्या यंत्राने त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं: सर्व्हरने दर मिनिटाला ‘आहे’ म्हणायचं, आणि ते ऐकू आलं नाही की त्या दुसऱ्या यंत्राने ओरडायचं.

यंत्रणा गप्प झाल्याचं योग्य माणसाला न कळण्याची किंमत जगाने १४ ऑगस्ट २००३ रोजी पाहिली. तिथे इमारत नव्हती, वीजजाळं होतं. पण धडा हाच. ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे गप्प झाली. पुढच्या चाळीस मिनिटांत मुख्य सर्व्हर आणि पाठोपाठ राखीव सर्व्हरही पडला. सर्व्हर पडल्याचा निरोप संगणक विभागाला आपोआप गेला. त्यांनी तो पुन्हा सुरूही केला. मात्र अलार्म येताहेत का, हे नियंत्रण कक्षात कोणी विचारलं नाही. कक्षातल्या माणसांना वाटलं, अलार्म नाही म्हणजे सारं आलबेल आहे. दरम्यान उच्च दाबाच्या वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. चारच्या पुढे अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोक. तेव्हा स्टेटसचा निरोप कोणाला जातो, हा प्रश्न स्टेटस मोजण्याइतकाच मोठा आहे.

उलट टोकही तितकंच घातक. वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. माणूस एवढे वाचूच शकत नाही. तो आवाज बंद करतो. बीएमएसमध्ये हे रोज छोट्या प्रमाणावर घडतं. वीज जाते, जनरेटर यायला काही सेकंद लागतात, सर्व्हर यूपीएसवर असतो पण मजल्यावरचा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटवर. क्षणात चाळीस कंट्रोलर ऑफलाइन, चाळीस मेल. महिन्याभरात सुपरवायझर ते मेल उघडणं सोडतो. उपाय दोन: स्विचला यूपीएस द्या, आणि ऑफलाइनचा अलार्म दोन मिनिटं थांबवून, स्विच गेला असेल तर त्याच्यामागचे चाळीस दाबून एकच दाखवा. कोणता अलार्म द्यायचा हे कोणीही सांगतं. कोणता द्यायचा नाही, हे ठरवायला इमारत माहीत असावी लागते.

भिलाईला हे परक्याच्या उदाहरणांवरून शिकायची गरज नाही. १२ जून २०१४ रोजी इथल्या पोलाद कारखान्यात पंपघरातल्या बिघाडाने पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीचा विषारी वायू बाहेर पडला. सहा जणांचा जीव गेला, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. बिघाड पाण्याचा आणि मृत्यू वायूने. एका यंत्राचं दुखणं भलत्याच ठिकाणी बाहेर येतं, म्हणून कोण कोणावर अवलंबून आहे हे यादीत लिहिलेलं असावं लागतं. इमारतीत हेच छोट्या रूपात असतं: टाकीतलं पाणी घटलं की कूलिंग टॉवर, मग चिलर, मग शस्त्रक्रियागृह.

बीएमएसच्या धंद्याचा मोठा पसारा महाराष्ट्रात आहे. पूर्वी टाटा हनीवेल असलेली हनीवेल ऑटोमेशन इंडिया पुण्यात हडपसरला आहे. इमारतींच्या क्षेत्रात सर्वदूर पसरलेलं नायगारा हे सॉफ्टवेअर करणारी ट्रिडियम कंपनी २००५ मध्ये हनीवेलनेच विकत घेतली. त्याच नायगाराची एक फजिती प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांना सिडनीतल्या गूगलच्या कार्यालयाची बीएमएस थेट इंटरनेटवर सापडली. सॉफ्टवेअरमधल्या भोकाचं ठिगळ कंपनीने आधीच दिलं होतं, ते तिथे कोणी लावलंच नव्हतं. गूगलचं हे, तर बाकीच्यांचं काय बोलावं. घरबसल्या मोबाइलवर स्टेटस पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो व्हीपीएनच्या आडूनच पुरवावा, आणि कोणतं ठिगळ लागलं, कोणतं राहिलं, याचीही ओळ स्टेटसच्या पानावर ठेवावी.

तुमच्या रुग्णालयाची, महाविद्यालयाची किंवा सोसायटीची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नव्याने करायची वेळ आली की ठेकेदाराला पडदा दाखवू देऊ नका. एखाद्या बिनमहत्त्वाच्या कंट्रोलरची नेटवर्क केबल तुमच्यादेखत काढायला सांगा आणि निरोप किती मिनिटांनी, कोणाच्या फोनवर येतो ते लिहून घ्या. मग सर्व्हरचीच केबल काढायला सांगा. दुसऱ्या वेळी काहीच आलं नाही, तर करारावर सही करायची घाई नको.