वेंगुर्ल्याच्या बंदरावरील एक प्रभात

समुद्रापासून शेकडो मैल दूर वसलेल्या इंदूरच्या व्यापाऱ्यास बंदराची ओढ का वाटावी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. व्यापाराच्या भाग्याचे चढउतार बंदरावर जितके स्पष्ट दिसतात, तितके पेढीच्या वहीतही दिसत नाहीत. कोकणच्या प्रवासात वेंगुर्ल्यास एक सकाळ पायी फिरताना आम्हांस हेच प्रत्ययास आले.

पूर्वी मुंबईची आगबोट येथे खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. ती वाहतूक केव्हाच थांबली. आता बंदरावर लगबग असते ती मासळीची. मांडवीच्या खाडीकाठी, नवाबागेकडे, गाबीत बंधूंच्या होड्या परततात. विक्रीचा भार बहुधा स्त्रियाच वाहतात. हा व्यवसाय आपल्या आचारधर्मात बसणारा नव्हे. तथापि उन्हे चढण्यापूर्वी माल खपविण्याची त्यांची धडपड पाहिली, की बाजाराची चिंता सर्वत्र एकच असते, हे मनास पटते.

गावात डच वखारीचे भग्नावशेष आहेत. १६३७ च्या सुमारास, आदिलशाही अमलात, डच कंपनीने ही वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवावी व आपल्या जहाजांस रसद पुरवावी, हा तिचा हेतू. नॉर्वे देशातील बर्गन बंदरात जर्मन हान्झा व्यापाऱ्यांच्या लाकडी वखारींची रांग निगुतीने जतन केलेली असून १९७९ पासून ती जागतिक वारशात गणली जाते. येथे मात्र पडक्या भिंतींवर झाडोरा माजला आहे.

१८१२ साली हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले. बेळगावकडील मालाची ने-आण येथून होई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्यास जोडले गेले आणि मालाने वाट बदलली. वखारवाले पूर्वीच निघून गेले होते. पडाववाले व हमाल मात्र येथेच राहिले.

तरीही गाव खचले नाही. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले काजूचे झाड त्याच्या मदतीस धावले. येथील फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा काजूच्या जाती निपजविल्या. काजूच्या कारखान्यांत अनेक भगिनींना काम मिळते. आपल्या सियागंजात काजूचा डबा उघडताना या हातांचे स्मरण राहावे.

वाट बदलण्याचा अनुभव इंदुरासही आहे. सर शेठ हुकुमचंदांच्या नावाची कापडगिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न सुटण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्या बत्तीस वर्षांत कित्येकांनी हक्काच्या पैशाची वाट पाहत डोळे मिटले.

मालाची वाट कोठे वळेल, हे कोणाही व्यापाऱ्याच्या हाती नाही. परंतु ती वळताना आपल्या हमालाचे, गुमास्त्याचे, कामगाराचे देणे आधी चुकते करणे, हे निःसंशय आपल्या हाती आहे. नव्या वर्षाच्या वहीचे पहिले पान उघडण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने जुन्या वहीतील हे एक खाते तपासून पाहावे, एवढीच नम्र विनंती.